पदवी आणि पाळणा

परीक्षांत वरच्या श्रेणींत उत्तीर्ण झालेली, डॉक्टर, वकील, अध्यापिका किंवा अभियंता म्हणून कांहीं वर्षें नांव मिळविलेली स्त्री मूल झाल्यावर व्यवसाय सोडून घरीं राहते, हें दृश्य आपल्या मध्यमवर्गांत आतां नवें राहिलेलें नाहीं. त्याकडे पाहून समाज दोन प्रकारचे उद्गार काढतो. एक पक्ष म्हणतो, अखेर तिला आपलें खरें स्थान सांपडलें. दुसरा म्हणतो, एवढें शिकून काय उपयोग झाला? पहिल्या पक्षास त्यांत निसर्गाचा जय दिसतो, दुसऱ्यास शिक्षणाचा पराजय. एका गोष्टींत मात्र दोघांचें एकमत आहे. ही गोष्ट त्या एका स्त्रीच्या मनाची, स्वभावाची, किंवा फार तर तिच्या सासरची, असें दोघेही समजतात. तिच्यामागें दीडशें वर्षांहून अधिक इतिहास उभा आहे, हें दोघांच्याही ध्यानांत येत नाहीं. तो इतिहास प्रस्तुत लेखांत थोडक्यांत पाहावयाचा आहे. अमुक स्त्रीनें घरीं राहावें कीं नाहीं ह्याचा निकाल देण्याआधीं, तिच्यापुढें मार्ग किती होते व ते कोणीं आंखले, हें विचारणें न्यायाचें होईल.

हा प्रश्न आतां पुण्याच्या पेठांपुरताही उरलेला नाहीं. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे हडपसरच्या पुढें लोणी काळभोर लागतें. तुकोबांची पालखी पंढरीस जातांना पुणें सोडल्यावर ह्याच गांवीं मुक्काम करते. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या ह्या गांवांत २०१५ सालीं एक विद्यापीठ स्थापन झालें. पुण्याकडे जातांना लागणाऱ्या मगरपट्ट्यांत संगणकाच्या कचेऱ्या त्यापूर्वींच उभ्या राहिल्या होत्या. शेताच्या बांधावरील झाडाला झोळी बांधून, तींत तान्हें मूल निजवून जी आजी खुरपणीस बसत असे, तिचीच नात आज अभियंत्याची पदवी घेऊन कचेरींत जाते. आजीला 'काम कीं मूल' असें कोणी विचारलें नव्हतें. दोन्ही एकाच बांधावर होतीं. म्हणून आजीचे दिवस सुखाचे होते असें नव्हे. तिच्या कष्टांचा हिशेब कोणीं मांडला नाहीं इतकेंच. नातीला मात्र तो प्रश्न विचारला जातो. कारण तिचें काम बांधावरून उठून कांचेच्या इमारतींत गेलें आहे, आणि तेथें झोळी बांधण्यास झाड नाहीं.

मराठी समाजानें मुलींच्या हातीं पुस्तक दिलें तें कोणत्या अटीवर दिलें, हें प्रथम पाहूं. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां समाजाचा विरोध उघड व कडवा होता. पुढें १८८४ सालीं रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या प्रयत्नानें पुण्यांत मुलींचें हायस्कूल निघालें. तीच आजची हुजूरपागा. ह्या वेळीं वादाचें स्वरूप बदललें होतें. मुलींनीं शिकावें कीं नाहीं ह्यापेक्षां त्यांनीं काय शिकावें ह्यावर भर आला. मुलांचेंच शिक्षण मुलींना दिल्यास त्यांचें गृहिणीपद बिघडेल, असा लोकमान्य टिळकांचा आक्षेप होता. त्यावर सुधारकांचें नेहमींचें उत्तर असें कीं, शिक्षणानें गृहिणीपद बिघडणार नसून सुधारेल; सुशिक्षित माता सुशिक्षित पुत्र घडवील. उत्तर चतुराईचें होतें व त्या काळीं तें उपयोगीही पडलें. परंतु त्या उत्तरानें प्रतिपक्षाचें मूळ गृहीतकृत्य मान्य करून टाकलें: शिक्षणाचें समर्थन शिकणाऱ्या मुलीच्या नांवें न होतां तिच्या भावी पुत्राच्या नांवें झालें.

ह्या सामान्य प्रवाहास अपवाद होता तो गोपाळ गणेश आगरकरांचा. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावें व तेंही एकत्र द्यावें, असें त्यांनीं 'सुधारकां'त निःसंदिग्धपणें प्रतिपादन केलें. परंतु आगरकर १८९५ सालीं, वयाच्या चाळिशीच्या आंत, निवर्तले. आणि संस्था उभारणारांनीं जो मार्ग धरला तो अधिक सावध होता. १९१५ सालच्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष या नात्यानें धोंडो केशव कर्वे यांनीं स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानांतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनांत आली होती. १९१६ सालीं त्यांचें विद्यापीठ सुरू झालें. मातृभाषा हें त्याचें माध्यम ठरलें, व गृहशास्त्रास आणि आरोग्यशास्त्रास अभ्यासक्रमांत मानाचें स्थान मिळालें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्यास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. अण्णासाहेबांचें ऋण मराठी स्त्रीवर किती आहे, हें येथें सांगावयास नको. तथापि ज्या जपानकडून ही कल्पना आली तेथें त्या काळीं 'सुपत्नी व सुज्ञ माता' हाच स्त्रीशिक्षणाचा अधिकृत आदर्श होता, हें विसरूं नये. थोडक्यांत, समाज व शिक्षण यांच्यामध्यें एक अलिखित करार झाला: मुलगी शाळेंत जाईल, पण जें शिकेल तें घरीं परत आणील. आज पदवीधर माता घरीं राहते तेव्हां तो जुना करार पाळला जात असतो. त्यांत आश्चर्य कसलें?

ह्या कराराच्या अगदीं उलट दिशेनें गेलेलें एक आयुष्य ह्याच पुण्याशीं निगडित आहे. आनंदीबाई जोशी यांना चवदाव्या वर्षीं मुलगा झाला व तो दहा दिवसांतच गेला. स्त्रीवर उपचार करण्यास स्त्रीवैद्य नाहीं, ही जाणीव त्या दुःखांतून त्यांना झाली. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या; १८८६ सालच्या मार्चांत पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रीवैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली; आणि पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय प्राचीन हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली होती. पण तेथें काम करण्यापूर्वींच, १८८७ सालच्या फेब्रुवारींत, पुण्यास त्यांचा अंत झाला. आनंदीबाईंच्या चरित्रांत पाळणा आणि पदवी हीं परस्परांचीं वैरी नाहींत. रिकाम्या पाळण्यानेंच त्यांना पदवीकडे नेलें. मातृत्व ही ज्ञानाची प्रेरणा होऊं शकते, हें मराठी समाजाला त्यांनीं आरंभींच दाखवून दिलें होतें. समाजानें त्यांचा गौरव केला, पण हा अर्थ मात्र ध्यानांत घेतला नाहीं.

ज्या स्त्रिया प्रत्यक्ष व्यवसायांत स्थिरावल्या त्यांच्याकडे पाहिलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. डॉ. रखमाबाईंनीं बालपणीं लादलेलें लग्न नाकारलें. १८८४ पासून १८८८ पर्यंत त्या प्रकरणानें सारा देश ढवळून काढला. पुढें लंडनला शिकून त्यांनीं सुरत व राजकोट येथें दीर्घ काळ वैद्यक केलें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या व नंतर कायद्याकडे वळलेल्या कॉर्नेलिया सोराबजी अविवाहित राहिल्या. हिंगण्याच्या आश्रमानें ज्या शिक्षिका तयार केल्या त्यांत विधवांचा भरणा मोठा होता. १९०९ सालीं पुण्यांत सुरू झालेल्या सेवासदनानें परिचारिका व शिक्षिका घडविल्या. तेथेंही निराधार व विधवा स्त्रियांचा ओढा स्वाभाविकपणेंच अधिक होता. सारांश, आपल्याकडे स्त्रीच्या व्यवसायाचा पहिला सांचा तयार झाला तो जिला संसार नाहीं, किंवा ज्या स्त्रीपासून दैवानें संसार हिरावून घेतला आहे, तिच्या मापानें. अपवाद होते, पण अपवादांनीं सांचा बनत नसतो. ज्या पदाला दिवसाचा सर्व वेळ व आयुष्याचीं सर्व वर्षें अखंड द्यावीं लागतात, मध्यें दोन वर्षांचा खंड पडल्यास ज्याची पायरी सुटते, असें पद म्हणजे नोकरी, ही समजूत त्या काळीं रूढ झाली. पुरुषाला ती अडचणीची नव्हती, कारण त्याच्या घरीं पाळणा हलविणारी स्त्री होती. विधवेला व ब्रह्मचारिणीला नव्हती, कारण पाळणाच नव्हता. अडचण उत्पन्न झाली ती विवाहित पदवीधर स्त्री दाराशीं आली तेव्हां.

ही अडचण साहित्यांत प्रथम तीव्रतेनें उमटली १९३३ सालीं, 'कळ्यांचे निःश्वास' ह्या कथासंग्रहांत. 'विभावरी शिरूरकर' ह्या टोपणनांवामागें कोण आहे ह्याविषयीं त्या वेळीं महाराष्ट्रांत मोठी खळबळ उडाली. शिकून मिळवती झालेली, पण तिच्या मिळकतीमुळेंच जिचें लग्न लांबत जातें, अशी मुलगी तेथें वाचकांपुढें आली. लेखिका बाळूताई खरे ह्या स्वतः कर्व्यांच्या संस्थेंत शिकलेल्या व शिक्षिकेचें काम केलेल्या. १९३७ सालीं त्यांनीं सोलापुरास गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीवर सरकारी अधिकारपद घेतलें; १९३८ सालीं विश्राम बेडेकरांशीं विवाह होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या; १९४० सालीं त्यांनीं ती नोकरी सोडली. पण त्या वसाहतींत जें पाहिलें त्यांतून १९५० सालीं 'बळी' ही कादंबरी निर्माण झाली. नोकरी सुटली म्हणजे ज्ञान सुटतें, असें मानणारांनीं ह्या दहा वर्षांचा विचार करावा. अर्थात् मालतीबाईंच्या हातीं लेखणी होती, आणि लेखणीला हजेरीपट नसतो. शस्त्रक्रियेचें कौशल्य किंवा प्रयोगशाळेंतील काम घरच्या मेजावर जिवंत ठेवतां येत नाहीं.

प्रयोगशाळेचें उदाहरण कमला भागवतांचें आहे. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठांत पहिल्या आलेल्या ह्या विद्यार्थिनीस बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यांत आला. त्यांनीं हट्ट धरल्यावर एक वर्षाच्या अटीवर तो मिळाला. १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या, आणि दिल्ली व कुन्नूर येथें त्यांनीं काम केलें. १९४७ सालीं विवाह होऊन त्या सोहोनी झाल्या व मुंबईस आल्या. म्हणजे कुन्नूरची प्रयोगशाळा सुटली. सुदैवानें मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांना पुढें स्थान मिळालें, आणि नीरा व कडधान्यें यांवरील त्यांचें संशोधन तेथें झालें. पतीचें गांव मुंबईऐवजीं एखादें आडबाजूचें ठिकाण असतें तर? स्त्रीची विद्या पतीच्या बदलीच्या हुकुमावर अवलंबून राहिली, तर तिला स्थावर मालमत्ता कसें म्हणावें?

इरावतीबाई कर्वे यांचें उदाहरण ह्याहून बोधप्रद आहे. त्यांनीं जर्मनीस जाऊन संशोधन करावें ह्यास सासरे अण्णासाहेब कर्वे यांचाच विरोध होता. स्त्रियांचें विद्यापीठ काढणाऱ्या महापुरुषाच्या घरांतही तो जुना करार किती खोल रुजला होता, हें ह्यावरून दिसतें. पण पती दिनकर कर्वे पाठीशीं उभे राहिले, कर्ज काढून प्रवास झाला, व १९३० सालीं बर्लिनची पदवी मिळाली. तीन मुलांची आई असतांना इरावतीबाईंनीं डेक्कन कॉलेजांत मानववंशशास्त्राचें अध्यापन केलें, गांवोगांव हिंडून संशोधन केलें, आणि १९६७ सालीं 'युगान्त' लिहिलें. शकुंतला परांजपे ह्याही केंब्रिजला गणित शिकून जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कचेरींत काम केलेल्या. विवाह तुटल्यावर आपल्या एकुलत्या एक मुलीला त्यांनीं वडील रँग्लर परांजपे यांच्या घरीं वाढविलें, आणि त्याच काळांत संततिनियमनाचें कार्य केलें. ह्या दोघींची बुद्धि व जिद्द असामान्य होती ह्यांत संशय नाहीं. पण त्यांच्यामागें एकीस साथ देणारा पति होता व दुसरीस दार उघडें ठेवणारा पिता होता, हेंही तितकेंच खरें. ज्यांना बुद्धि होती पण असा पति वा पिता नव्हता, त्यांचीं चरित्रें कोठें आहेत?

त्यांचीं चरित्रें नाहींत, आणि इतिहासाच्या अभ्यासकास येथेंच खरी अडचण पडते. आपल्याकडे लग्न होतांच मुलीचें आडनांव बदलतें, व पुष्कळदां पाळण्यांतलें नांवही बदलतें. यमुना जोशी आनंदी झाली. यमुना कुर्लेकर रमाबाई रानडे झाल्या. बाळूताई खरे मालतीबाई बेडेकर झाल्या. ह्या प्रसिद्ध स्त्रिया असल्यामुळें दोन्ही नांवें आपल्याला ठाऊक आहेत. पण पदवीधरांच्या यादींत माहेरच्या नांवानें एकदां चमकून गेलेली, आणि नंतर सासरच्या नांवाखालीं, अपरिचित गांवीं, मुलांचे अभ्यास घेत राहिलेली विदुषी कोणत्या दफ्तरांत शोधावी? इतिहास कागदपत्रांवर लिहिला जातो, आणि जेवणघरांत कागद होत नाहींत. म्हणून आपण नेहमीं नोकरी करणाऱ्या स्त्रियांचाच इतिहास लिहितों, आणि घरीं राहिलेलीला इतिहासच नाहीं अशी समजूत करून घेतों.

आतां कायद्याकडे वळूं. कारण घरीं राहणें ही निवड होती कीं सक्ति, ह्याचा पुरावा तेथें सांपडतो. गिरणी-कारखान्यांतील मजूर स्त्रीला बाळंतपणीं साहाय्य मिळावें म्हणून मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं कायदा झाला. १९२८ सालीं विधिमंडळांत त्या विधेयकास पाठिंबा देतांना, प्रसूतीपूर्वीं व प्रसूतीनंतर मातेला विश्रांति मिळणें ही राष्ट्रहिताची बाब आहे, असें डॉ. आंबेडकरांनीं प्रतिपादिलें होतें. मजूर स्त्रीला रजा देण्याचें तत्त्व अशा रीतीनें मान्य झालें. सुशिक्षित अधिकारी स्त्रीस मात्र स्वातंत्र्यानंतरही वेगळा न्याय लागू झाला. १९५४ च्या प्रशासनसेवेच्या नियमांत, स्त्री अधिकाऱ्यानें विवाह केल्यास तिला राजीनामा देण्यास सांगतां येईल अशी तरतूद होती. विलायतेंत असाच निर्बंध १९४६ सालीं अंतर्गत मुलकी सेवेपुरता उठविला गेला होता. तेथें जें सोडलें तें आम्हीं लिहून ठेवलें! १९६५ सालीं औषधांच्या एका कारखान्यांतील, लग्न होतांच स्त्रीची नोकरी संपविणारा नियम सर्वोच्च न्यायालयानें रद्द केला. कुमारिका व विधवा यांच्याहून विवाहितेचा फरक पडतो तो केवळ प्रसूतीच्या रजेपुरता, आणि त्याची व्यवस्था मालकाला सहज करतां येते, असें न्यायालयानें दाखवून दिलें. १९७९ सालीं सी. बी. मुथम्मा यांच्या अर्जावर परराष्ट्रसेवेंतील अशाच नियमांवर न्यायालयानें कडक ताशेरे ओढले. १९८१ सालीं विमानसेविकेला पहिल्या गरोदरपणींच काढून टाकणारा नियम अवैध ठरला. पण सेवेच्या पहिल्या चार वर्षांत लग्नास मनाई करणारा नियम त्याच निकालांत टिकला. ज्या पिढीपुढें असे नियम होते त्या पिढींतील स्त्री घरीं बसली, तर तिनें मातृत्व 'निवडलें' असें म्हणणें म्हणजे दार बाहेरून लावून आंतल्याच्या गृहप्रेमाची स्तुति करण्यासारखें आहे.

आज तीं दारें उघडलीं आहेत, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. १९६१ च्या कायद्यानें बारा आठवड्यांची रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांसाठीं ती सव्वीस आठवड्यांवर नेली, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघर आवश्यक केलें. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांस २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठीं एकंदर ७३० दिवसांची रजा मिळूं लागली. तरीही सव्वीस आठवडे संपतात तेव्हां मूल सहा महिन्यांचेंही नसतें. त्याला कोणीं सांभाळावें? जुन्या वाड्यांत आजी, आत्या, काकू होत्या. त्या व्यवस्थेचे गोडवे गाणारांनीं हेंही स्मरावें कीं, सुनेला बाहेर पडूं न देणारी व्यवस्थाही तीच होती. आतां वाडे गेले, दोन खोल्यांचे संसार आले, आणि आजी असलीच तर ती दुसऱ्या गांवीं किंवा स्वतःच नोकरींत. उरतात माता आणि पिता. पित्याचें काय? २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर-पाहणींत घरकामांत भाग घेणाऱ्या स्त्रियांचे त्यांत दररोज सरासरी २९९ मिनिटें जातात असें आढळलें, व पुरुषांचीं ९७. शिवाय अशा कामास हात लावणारे पुरुषच शंभरांत सुमारें सव्वीस होते. कायद्यानें कचेरीचें दार उघडलें. घरांतील घड्याळ मात्र जुनेंच राहिलें.

आणि घरीं राहून जी स्त्री हीं कामें करते तिची गणना कशांत होते? जनगणनेंत केवळ घरकाम करणारी स्त्री 'काम न करणारां'त पडते. २०१० सालीं मोटार-अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ह्या वर्गीकरणावर तीव्र नापसंती व्यक्त केली. २००१ च्या जनगणनेंत गृहिणींना भिकारी व कैदी यांच्या पंक्तीस बसविलें होतें, हें न्यायमूर्तींस बोंचलें. जो समाज मातेला देवता म्हणतो, त्याच्याच खातेवहींत तिच्या श्रमाचा आंकडा शून्य असावा, ह्याहून मोठी विसंगति कोणती?

ह्या साऱ्यांतून निष्कर्ष काय निघतो? घरीं राहणें हें हीन नाहीं. लहान मुलाच्या पहिल्या वर्षांत त्याच्याजवळ राहावें असें एखाद्या विदुषीस मनापासून वाटलें, तर त्या इच्छेचा उपहास करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. तिची विद्या त्या वर्षांत वायांही जात नाहीं. परंतु इच्छेला 'इच्छा' म्हणावयाचें तर तिच्यापुढें दोन मार्ग खरोखर खुले हवेत, आणि एका मार्गानें गेल्यावर दुसऱ्यावर परत येतां आलें पाहिजे. आपल्या इतिहासांत उणीव आहे ती ह्या परतीच्या वाटेची. बाहेर जाण्याची वाट फुले-आगरकरांनीं दाखविली, घरीं येण्याची समाजानें आधींच बांधून ठेवली होती. घरांतून पुन्हां बाहेर येण्याची वाट मात्र अद्याप पायवाटच आहे. विज्ञानांत काम सोडून घरीं राहिलेल्या स्त्रियांसाठीं २००२-०३ सालीं केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें खास योजना आरंभिली, ती ह्या पायवाटेवरील एक चांगला दगड होय. असे दगड वकिलीच्या, वैद्यकाच्या, अध्यापनाच्या व कारखान्याच्या वाटेवरही पडावयास हवेत. अर्जांत तीन-चार वर्षांचा खंड दिसतांच तो बाजूस सारणारा अधिकारी त्या जुन्याच सांच्यानें माणसें मोजीत असतो, हें त्यास कोणीं तरी सांगितलें पाहिजे.

दुसरी गोष्ट कुटुंबानें करावयाची आहे, आणि ती अधिक कठीण आहे. मूल दोघांचें असतांना 'नोकरी सोडावी कीं काय' हा प्रश्न घरांत फक्त एकीलाच विचारला जातो. तो दोघांसही विचारला जाईल, पतीनेंही दोन वर्षें पाळण्याशीं बसण्याचा विचार क्षणभर तरी गंभीरपणें करून पाहील, आणि मग जो निर्णय होईल तो दोघांचा असेल, त्या दिवशीं घरीं राहिलेल्या मातेची स्तुति करण्याचा हक्क आपल्याला प्राप्त होईल. शिकलेल्या मातेमुळें पुत्र शहाणा होतो, असें आपण दीडशें वर्षें सांगत आलों. तें खरें असेल, तर त्या शहाण्या पुत्रानें आतां पाळण्याची दोरी हातीं घेण्यास हरकत नसावी.